वरच्या गावाचं पाणी

माझी ममई आज पहाटे खुर्चीत बसल्या बसल्या गेली.

खुर्चीत बसणं तिला जन्मात आवडलं नाही.

घर माणसांनी भरलंय. प्रत्येक जण म्हणतोय, "शांतपणे गेली." मी सारखी उठून बाहेर जातेय. शांत ती कधी होती?

ममई म्हणजे पपांची आई. मार्था. कांजूरमार्गच्या आमच्या गावठाणातच वाढली, इथेच लग्न झालं. तरी रोज कुठेतरी निघालेली असायची.

तिची एक गोष्ट लिहिते. नाही लिहिली तर आज मला बसवणार नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. ममई तेव्हा सतरा वर्षांची.

आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गावच्या विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. आपल्या गावचं पाणी अंगावर घेऊन मुलगी सासरी जाते.

पण आमचं गाव हे नव्हतंच.

ममईच्या पणजोबांचं गाव डोंगरापलीकडे होतं. मुंबईला पाणी हवं होतं, म्हणून तिथे विहार तलाव बांधला. गाव पाण्याखाली गेलं, माणसं इकडे आली. घरात त्याला नुसतं 'वरचं गाव' म्हणायचे. खरं नाव आज कोणालाच माहीत नाही.

आणि इथे आम्हाला म्हणायचे तलाववाले. पिढ्या गेल्या तरी.

ममईच्या मोठ्या बहिणीचं, रोझीचं, लग्न ठरलं. मे महिना. विहिरीचा तळ दिसत होता. वडील ममईला घेऊन परवानगी मागायला गेले.

विहिरीचा मालक ओट्यावरूनच म्हणाला, "काय रे, तुमचं गाव बुडालं म्हणून आता आमची विहीर आटवणार?"

लोक हसले. मग तो हो म्हणाला.

वडील मान खाली घालून "उपकार झाले" म्हणाले. ते "उपकार झाले" ममईला गिळता आलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, उजाडायच्या आत, ती लहानशी कळशी घेऊन डोंगराकडे निघाली. रोझीला आपल्या गावच्या पाण्याने आंघोळ घालायची, मागून आणलेल्या नाही.

रोझी म्हणाली, "वेडी आहेस का गं? तिकडे वाघ आहे."

"वाघाला माझ्या कळशीचं काय करायचंय?"

"संध्याकाळी बँड यायच्या आत परत ये. नाहीतर आई मला सोलेल."

तेव्हा भांडुपच्या वर वस्ती नव्हती. करवंदाच्या जाळ्या, वाळलेलं गवत, पायाखालून निसटणारी खडी. वाट म्हणजे गुरांनी पाडलेली तेवढीच. माथ्यावर पोचली तोवर ऊन चढलं होतं, आणि खाली विहार तलाव.

ती सांगायची, "मला रागच आला. एवढ्या पाण्यात गाव शोधायचं कुठे?"

काठावर राखणदार होता. मालवणी माणूस.

"पाण्याक हात लावू नको गे. ह्या पाणी मुंबयचा आसा."

"पाणी मुंबईचं असेल. खालचं गाव आमचं आहे."

त्याने मागे वळून बघितलं. मग म्हणाला, "आज साहेब आसत. वर तुळशीक जा. थंयचाच पाणी हंय येता. आणि थंयचो राखणदार दुपारी गाढ झोपता."

तुळशी तलाव म्हणजे रानातून अजून तेवढीच चाल, तीही चढाची. संध्याकाळी बँड. तिने विचार केला नाही. वरून येणारं पाणीच आपल्या गावाला मिळत असणार, असं स्वतःला पटवलं आणि निघाली.

तिथला राखणदार खरंच झोपला होता.

कळशी भरली. पण स्वतःला वाटेत प्यायला काहीच घेतलं नाही. परतीच्या उतारावर पाय घसरला, कळशी कलंडली, तळाशी थोडं उरलं. पुढे ऊन असं की जीभ टाळूला चिकटली. नवरीच्या पाण्याला तोंड लावायचं नसतं. तिने एक ओंजळ घेतली. मग अजून एक.

गावात शिरली तेव्हा बँड विहिरीवरून परत आला होता. अंगणात रोझी पाटावर बसलेली, मावश्या भरलेली भांडी घेऊन ताटकळलेल्या.

रोझी एकच बोलत होती, "मार्था येऊ दे. मग."

आईने ममईच्या पाठीत एक धपाटा घातला. रोझीने कळशीत डोकावून बघितलं.

"अख्खं गाव पिऊन आलीस की गं."

सगळं अंगण हसलं. ममई रडायला लागली.

तेव्हा वडील पुढे झाले. त्या आंघोळीला पुरुषांनी हात लावायचा नसतो. त्यांनी कळशी उचलली, होतं नव्हतं ते रोझीच्या डोक्यावर ओतलं आणि बँडबरोबर आलेल्या विहिरीच्या मालकाकडे बघून म्हणाले,

"हे आमच्या गावचं. आता तुमचं ओता."

गोष्ट इथे संपते, असं आम्हाला वाटायचं. ममईसाठी नाही संपली. भरलेली कळशी आणायची राहिली, हे तिला आयुष्यभर खुपलं.

मी ग्रॅज्युएट झाले, घरातली पहिली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. ममई म्हणाली, "शिकलीस ना? मग आता मला तलावावर जायची परवानगी काढून दे."

आता ते जंगल राखीव आहे, तलावाजवळ कोणालाही सोडत नाहीत. त्याचं कारण मला पटतं. नळाचं पाणी मीही पितेच. पण ज्यांचं गाव खाली आहे त्यांना एकदा काठावर उभं राहू द्यावं, एवढं मागण्यात चूक काय, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. परवानगी मागायला गेलं की ऑफिसात फक्त म्हणतात, पुढच्या आठवड्यात या.

गेल्या रविवारी मी तिला खरं सांगून टाकलं. "ममई, परवानगी मिळाली तरी आता तुला चालवणार नाही गं."

"मला नकोच. तू जा," ती म्हणाली. "आणि हे बघ, प्यायचं पाणी वेगळं ने."

नेईन, ममई.

आज संध्याकाळी गावच्या चर्चमध्ये मिस्सा आहे, मग तुला पोचवायला सगळे येतोय. देव तुला बरी वाट देवो.