भिंतीवरच्या नानांची हजेरी

बऱ्हाणपूर स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी नानांनी खिडकीच्या गजांतून एक प्लास्टिकची पिशवी आत दिली. केळीचे वेफर्स, शेव, दराब्याची मिठाई असं सगळं आईने आधीच बॅगांत कोंबलं होतं. या पिशवीत फक्त माझ्या लेकीचा, जुईचा, शाळा सोडल्याचा दाखला होता. "देख बेटा, बाकी सब बाद में," नाना म्हणाले. "तिथं पोचली की पयले पोरीचं नाव शाळेत टाक." गाडी हलली. आई रडत होती, मी रडत होते, जुई सगळ्यांना टाटा करत होती. नाना मात्र फलाटावरून चालत चालत ओठांनी पुन्हा तेच सांगत होते, शाळा, शाळा. बऱ्हाणपूरच्याच लालबागेत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. लेक अमेरिकेला चालली याचं कौतुक होतंच, पण नातीची शाळा मध्येच सुटतेय याची हुरहूर त्याहून मोठी होती.

बऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही फोन केलात की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. जुई आता कितवीत? मी विषय बदलते आणि तुम्हाला वाटतं, सुमी अमेरिकेत जाऊन भाव खायला लागली. आज नीट सांगते. माझ्यासारख्या ज्या घर सोडून दूर संसार मांडून बसल्यात त्यांनीही ऐका, तुमच्या घरात असं मूल असेल तर उपयोगी पडेल.

नानांचा शब्द मी पाळला होता. ओहायोतल्या आमच्या छोट्या गावात सामानाची खोकी उघडायच्या आधी जुईचं नाव शाळेत घातलं. शाळा चांगली होती, बाई प्रेमळ होत्या. पण जुईने तिथे तोंड उघडलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, अख्खं वर्ष गेलं. घरात हीच पोरगी मराठी-हिंदीची खिचडी करून माझं डोकं खायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ओठ शिवल्यासारखे. तहान लागली तरी पाणी मागायची नाही. डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नाही, भीती आहे, जोर करू नका. शेवटी मी आणि तिच्या बाबांनी तिला घरीच शिकवायचं ठरवलं. इथे त्याला होमस्कूल म्हणतात आणि ते कायद्याने चालतं. नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरची नात अन् घरी बसली?" त्या दिवसापासून माझा फोन गेला की ते उचलायचे आणि एक शब्द न बोलता आईच्या हातात द्यायचे. न बोलणारी एक होतीच, आता दोघं झाले.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी इथे आठवड्यातून दोन दिवस वर्ग भरतात. सगळे त्याला को-ऑप म्हणतात. गणित, भाषा घरी, आणि चित्रं, नाटक, विज्ञान, सुतारकाम असलं सगळं गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये, मिळून. पहिल्या मंगळवारी मी जुईला इस्त्रीचा फ्रॉक घातला, तेल लावून दोन वेण्या लाल रिबिनींनी वर बांधल्या, दाराशी सोडलं आणि गाडी वळवून सरळ घरी आले. आपल्याकडे आईबाप वर्गात पाऊल टाकत नाहीत. नानांच्या वर्गाच्या खिडकीशी एखादी आई घुटमळली तर ते खडू खाली ठेवायचे आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. मी कुकर लावत होते तेवढ्यात फोन आला. को-ऑप चालवणारी लिंडा फार गोड आवाजात विचारत होती, तू आहेस कुठे? इथे मूल सोडून जायचं नसतं, इथे आईबापच मास्तर असतात.

धावत परत गेले आणि दारातच थबकले. कोणी जमिनीवर पालथं पडून वाचतंय, कोणी आईच्या वयाच्या बाईला करवत कशी धरायची ते दाखवतंय. एक बाप मधमाश्यांचं पोळं घेऊन बसला होता. एका चिमुरडीने त्याला विचारलं, माश्या झोपतात का? तो म्हणाला, "मला माहीत नाही. चल, शोधू." मला माहीत नाही! मास्तरच्या घरात वाढले मी. शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि हॉलचं छप्पर काही कोसळलं नाही. जत्रेत आल्यासारखी मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. जुईही बघत होती, एका टेबलाखाली शिरून. तिला कोणी बोल म्हणालं नाही. काही महिन्यांनी ती टेबलाखालून टेबलाशी येऊन बसली, हातात रंगही घेतले. बोलली मात्र नाही.

मग शिकवायची माझी पाळी आली. मी साधी बी.कॉम. लिंडा म्हणाली, तुमचा स्वयंपाक शिकव ना. हिंदुस्थानातली बाई म्हटली की लोकांना कढईच दिसते. माझं डोकं फिरलं. मी ताडकन म्हणाले, मी आमच्या गावचं पाणी शिकवीन. कुंडी भंडारा, म्हणजे ती पाण्याची जुनी भुयारं, तिथून आपण कितीदा गेलो आणि मान वळवूनही पाहिलं नाही. पण तयारीला बसले आणि माझेच डोळे मोठे झाले. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या बोगद्यातून नुसत्या उताराने, पंपाशिवाय, शेकडो वर्षं गावाकडे येतंय! बोगदा कोरला कसा, उतार साधला कसा, मला धड सांगता येईना. नाना दरवर्षी मुलांना तिथे घेऊन जायचे. मी आईला फोन केला. म्हटलं, नानांना सांग, इथल्या वर्गाला मास्तर पाहिजे. पलीकडे खुसफुस झाली. मग फोनवर नानांचाच आवाज आला, कितीतरी महिन्यांनी. "किती वाजता वर्ग?"

आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. प्रोजेक्टर लावला आणि चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर नाना उमटले, छतापासून जमिनीपर्यंत. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. एवढीशी अंगकाठी माझ्या बापाची, मी त्यांना इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. मुलं आपोआप ताठ बसली. नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पयले हाजरी." मी हळूच म्हटलं, नाना, इथे हजेरी घेत नाहीत. "का बरं? कोण आलं, कोण नाही, मास्तरले माहीत नको?"

मग काय, मी एकेका मुलाचं नाव सांगायचं, नानांनी ते खणखणीत पुकारायचं आणि मुलाने ओरडायचं, "हाजर!" मुलांना भारी मजा आली. शेवटी एकच नाव राहिलं. जुई माझ्या खुर्चीमागे उभी होती आणि मी नानांना हाताने नको, नको सांगत होते. त्यांनी पुकारलंच. "जुई संजय पाटील." वडिलांच्या नावासकट, शाळेत पुकारतात तसं. कोणी हललं नाही. लिंडा तिच्या वतीने बोलायला उठली, नानांनी तिला हातानेच बसवलं. त्यांनी पुन्हा नाव घेतलं नाही, पुढेही गेले नाहीत. नुसते थांबले. रागाने नाही, जगात दुसरं काही कामच नसल्यासारखे. आणि मग माझ्या पाठीमागून, अगदी हळू, "हाजर, नाना."

मला रडू फुटलं. नानांनी शाबासही म्हटलं नाही. "बरं," म्हणाले, "या पोरांना मराठी कळत नाही, अन् तुझ्या आईचं इंग्रजी मला माहीत आहे. मी सांगतो, तू यांना सांग." जुईने सांगितलं, आजवर नुसत्या ऐकलेल्या इंग्रजीत. आवाज इतका बारीक की मुलं खुर्च्या ओढून तिच्याभोवती जमली. डोंगर, उतार, अंधारातून येणारं पाणी, सगळं तिच्या तोंडून. मी भिंतीकडे बघत होते की लेकीकडे, मला आठवत नाही.

पुढच्या खेपेला ती पुन्हा गप्प होती. त्यानंतर थोडी बोलली. अजून असंच चालू आहे. पण दर मंगळवारी वर्गाआधी नाना भिंतीवर येऊन हजेरी घेतात आणि तेवढं उत्तर ती देतेच. तर मैत्रिणींनो, जुई कितवीतच नाही. दाखला परत त्याच पिशवीत जाऊन पडलाय आणि नानाही त्याबद्दल विचारत नाहीत.

आधीआधी कोणी घर कुठे विचारलं की मी लालबागचंच नाव घ्यायचे. आता पटकन उत्तर देता येत नाही. मागच्या मंगळवारी जुईला ताप होता म्हणून आम्ही गेलो नाही. वर्गाच्या वेळेला लिंडाचा घाबराघुबरा फोन आला. भिंतीवरचे आजोबा जुईचं नाव पुकारून थांबलेत, पुढे जायला तयार नाहीत, काय करू? मला हसू आलं, भरूनही आलं. वाटलं, आपलं नाव घेऊन कोणीतरी असं थांबलंय, हेच तर घर. म्हटलं, फोन भिंतीसमोर धर. आणि माझा फोन जुईच्या उशाशी नेला.

"नाना," ती पांघरुणातून खणखणीत ओरडली, "आज मी गैरहाजर!"