चुलतीची कोऱ्या चहाची विहीर

पाटोद्याच्या बाजारात लोक मला लांबूनच हात जोडायचे, आणि जोडलेले हात सुटायच्या आत खदाखदा हसायचे. कारण मी चेअरमन होतो, आणि तोही मच्छीमार सहकारी संस्थेचा. आमच्याकडं त्या साली असा दुष्काळ, की कावळे टँकरच्या टपावर बसून जिल्ह्याबाहेर पाणी प्यायला जात आणि परतीच्या फेरीला त्याच टँकरनं घरी येत. अशा गावात मासे धरायची सोसायटी! फळांच्या गाड्यावरचे चाचा रोज विचारायचे, "चेअरमनसाब, आज ताजं काय हाय? मासे का धूळ?" मी म्हणायचो, "धूळच घ्या चाचा, काटे न्हाईत."

बाजारात मी हसून घ्यायचो, पण घरी जेवण जात नव्हतं. पाझर तलाव आटत आटत परातीएवढा उरला होता आणि त्यात आमचे अर्धवट वाढलेले रोहू एकमेकांच्या अंगावर झोपत होते. संस्थेची सगळी इस्टेट म्हणजे तेवढे मासे. तलाव भरेपर्यंत ते जगले तर सोसायटी जगणार, न्हाईतर बोर्ड उतरवून त्याचा पाट करायचा.

म्हणून सभा बोलावली. मासे कुठल्या विहिरीत ठेवायचे? गावात पाणी धरून असलेल्या विहिरी दोनच, आणि दोन्हींचं पाणी मचूळ. माणूस सोडा, म्हैसही तोंड फिरवायची. पहिली विहीर व्हाइस चेअरमनची. हा गडी दरसाली गाळ उपसायचा. तळाला पडलेल्या नाण्याचा छापा का काटा, ते काठावरून सांगावं इतकं नितळ पाणी. दुसरी माझ्या चुलतीची. तिच्यावर बाभळी वाकलेल्या, वर्षानुवर्षांचा पाला न् शेंगा आत कुजलेल्या. गाळ काढायला सगळ्या भावांची संमती लागायची, आणि आमच्या भावकीत आजवर फक्त जेवायला बसण्यावर एकमत झालंय. पाणी असं तपकिरी, की बशीत ओतलं असतं तर पाहुणा फुंकर मारून प्याला असता.

"त्या गटारीत मासे टाकता?" व्हाइस चेअरमन म्हणाला.

"गटार तुझ्या तोंडात," चुलती म्हणाली, आणि मतदान झालं. मतं समसमान पडली. मग सहकारात होतं तेच झालं. निम्मे मासे इकडं, निम्मे तिकडं.

ऊन वाढलं तसं दोन्ही विहिरींवर हिरवंगार शेवाळ धरलं. व्हाइस चेअरमनची मोसंबीची बाग वाळून गेलेली, पण फवारणीचं निळं मोरचूद पोत्यात शिल्लक होतं. "शेवाळ मारायला लई नामी," म्हणत त्यानं ते कापडात बांधलं, दोराला लटकवलं आणि आपल्या विहिरीत फिरवलं. मग तेवढंच चुलतीच्या विहिरीत. मी म्हटलं, "तिकडं कशापायी रे?" म्हणाला, "संस्थेत दुजाभाव न्हाई."

सकाळी चुलती बोंबलत आली म्हणून आम्ही विहिरींकडं पळालो. नितळ विहिरीतले रोहू वर आले होते, तोंडं वासून, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारांसारखे. दोन तर उलटेच झाले होते. चुलतीच्या विहिरीत डोकावलो, तर तिकडचे मासे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखे निवांत फेऱ्या घालत होते. मोरचूद तेच, वजन तेच.

"सगळे इकडं आणा," मी म्हणालो.

"ठराव झाल्याशिवाय?" व्हाइस चेअरमन म्हणाला. "कोरम तरी बघा."

"मासे काय ठराव वाचायला थांबलेत का रे, मुडद्यांनो?" चुलतीनं पदर खोचला. "घागरी आणा!"

जाळं टाकलं आणि वरात निघाली. जो आयुष्यात बायकोला पाण्याची घागर उचलू लागला नव्हता, तोही रोहू डोक्यावर घेऊन पळाला.

चुलतीची नात कॉलेजात सूक्ष्मजीव शिकत होती. सुट्टीला आली होती, तिनं काठावर बसून आम्हाला समजावलं. "काका, पाण्यातले जंतू पाल्यातला गोड, मऊ भाग आधी खातात. उरलेलं चघळून चघळून त्याचं निराळंच काहीतरी करतात. तेच हे तपकिरी पाणी. मोरचुदातलं तांबं सुटं असलं की माशाच्या कल्ल्यांना जाऊन भिडतं. इथं या तपकिरी मालानं ते आधीच धरून ठेवलं."

म्हणजे आमच्या चुलतीच्या विहिरीत अब्जावधी मेंबर होते. काम करत होते आणि मीटिंगचा चहा मागत नव्हते!

"मग माझ्या विहिरीत जंतू न्हाईत का?" व्हाइस चेअरमन दुखावला.

"हायत की. पण तुम्ही त्यांना खायला काय ठेवलंत? सगळा गाळ तर उपसता."

हे ऐकताच तो उठला, कोयता घेतला आणि बाभळीच्या हिरव्या डहाळ्या तोडून आपल्या विहिरीकडं ओढायला लागला. पोरगी धावली. "ताजा पाला न्हाई! लगेच काय उपयोग न्हाई त्याचा, जंतूंच्या पोटातून जायला वेळ लागतो. आन् कुजताना तो पाण्यातली हवाच खाईल." मग आम्हा सगळ्यांकडं बोट केलं. "तांबं कुठं गेलेलं न्हाई, या पाण्यातच हाय. आणखी टाकलंत तर धरणारं काही उरणार न्हाई, मग हेही मासे जातील."

कोयता खाली पडला. उरलेलं मोरचूद चुलतीनं आपल्या पेटीत कुलूपबंद केलं आणि किल्ली कमरेला लावली.

तरी हलवलेले मासे जगतील का, ते पोरगीही सांगेना. दुसऱ्या दिवशी फटफटल्यावर अख्खी संस्था काठावर. पाणी हललं आणि तोंडं वर आली, एक, दोन, मग सगळीकडं. पुन्हा तेच वासलेले जबडे. व्हाइस चेअरमननं टोपी काढली. मी मनातल्या मनात बोर्ड उतरवला.

चुलतीनं ओच्यातून मूठभर पेंड काढून पाण्यावर फेकली. जबडे मिटले, शेपट्यांचे फटकारे बसले, आमच्या तोंडावर कोरा चहा उडाला, आणि सगळी सोसायटी गटकन तळाला गेली.

"उपाशी हायत मेले," चुलती म्हणाली. "चेअरमन, उद्यापासून पेंड तू आणायची."