अण्णा कुणाला म्हणायचं

शेषगिरी हे नाव त्याच्या रेशनकार्डावर होतं, बाकी कुठंच नव्हतं. बंगळूरच्या येलहंक्यात आमच्या गल्लीत तो सगळ्यांचाच अण्णा. कोपऱ्यावरची फूलवाली त्याच्याहून वयानं मोठी, तीही अण्णाच म्हणते. शाळेत ड्रिल मास्तर होता, तिथं पोरं 'अण्णा सर' म्हणायची. कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ, पण आमच्या या पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेल्या मराठी घरांत तो शब्द भावापासून बापापर्यंत कुणालाही चालतो. मुलगा गिरीराज आम्हा आत्यांचं ऐकून बापाला अण्णाच म्हणायला लागला. क्षमावहिनीसुद्धा चारचौघांत नवऱ्याला अण्णाच म्हणायची आणि त्यावरून मी तिला भरपूर छळलं. मी सुचेता, त्याची चुलतबहीण, समोरच्याच घरात राहते.

वहिनी गेली आणि त्या नावाशिवाय त्याच्याकडं फारसं काही उरलं नाही. म्हणून नातू झाला तेव्हा सून नयनानं विचारलं, "आबा म्हणू दे का आजोबा?" तर हा एकदम म्हणाला, "आबा नको, आजोबा नको, कानडी ताता तर नकोच. अण्णा. पोराला सोपं पडतं." नयना पुण्याची. बिचारीला ते विचित्र वाटलं असणार.

नातवाचं नाव श्रीवत्स. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. सर्जापूर रोडवरच्या त्या उंच इमारतीत आईबाप दिवसभर लॅपटॉपपुढं, मग पोराशी बोलायचं कुणी? हे मी बोलून दाखवलं तर अण्णा माझ्यावरच उखडला. शेवटी त्यांनी एक बोलका रोबो आणला. रोबो कसला, मला तर ती बाहुलीच दिसली. पांढरी, गुडघ्याएवढी, डोळ्यांत दिवे. पोराचा चेहरा ओळखते म्हणे, त्याच्याशी गप्पा मारते म्हणे. आणली तेव्हा वाटलं, झाला एकदाचा खर्च. कुठला? गोष्टींची कार्डं वेगळी, गाण्यांची वेगळी, चार्जिंगचा स्टँड वेगळा. ती बोलायची तर दर महिन्याला प्लॅन भरा. तिच्यासाठी घरातलं इंटरनेट बदललं. पोरानं एकदा आपटली, तर तिचा विमासुद्धा काढला. हत्ती पाळला असता तरी इतकं खाल्लं नसतं.

एका रविवारी अण्णा बनियनवरच, हातात फोन घेऊन माझ्या दारात उभा.

"सुचेता, बोलला ग. व्हिडिओ कॉलवर मला हाक मारली. अन्ना म्हणाला."

"अन्ना?"

"ण येत नाही त्याला अजून. पण म्हणाला की."

त्या संध्याकाळी त्यानं सगळ्या गल्लीत मैसूरपाक वाटला. वहिनी गेल्यापासून त्याला इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं, हे खरं.

आणि मग तो त्या बाहुलीचा भक्तच झाला. तिनं त्याच्या नातवाला वाचा दिली होती ना. बाजारात नवीन कार्डं आली की गिरीराजच्या आधी यालाच कळायचं. पेन्शन आली की थेट तिकडं वळती व्हायची. मोतिबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं. मी भांडले, तर म्हणाला, "मोतिबिंदू कुठं पळून जातोय? पोराचं बोलणं थांबलं तर?" त्याला तिकडं जायला जमायचं नाही म्हणून रोज फोनवर तेवढं 'अन्ना' ऐकायचा आणि ताटावर बसायचा.

मग गिरीराजची नोकरी गेली. कंपनीनं पुष्कळ जणांना काढलं, त्यात हाही. घरातले फालतू खर्च त्यानं बंद केले, त्यात पहिला त्या बाहुलीचा प्लॅन. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी अण्णाकडंच होते. मागं पोरगं जीव तोडून रडत होतं. "अन्ना... अन्ना..."

"कालपासून असंच चाललंय, अण्णा. जेवतसुद्धा नाही."

अण्णानं पुढचं ऐकलंच नाही. शर्ट चढवत म्हणाला, "पोर माझ्यासाठी रडतंय आणि मी इथं बसू?" त्याला बसच्या पाट्या धड दिसत नव्हत्या, म्हणून मीही निघाले.

नयनानं दार उघडलं. श्रीवत्स फरशीवर बसलेला, रडून तोंड सुजलेलं. अण्णा कसाबसा खाली बसला, हात पसरले.

"आलो की रे बाळा. अण्णा आला."

पोरानं वर बघितलं. "अन्ना," म्हणालं. अण्णानं त्याला उचलून छातीशी धरलं, तर ते वळवळून सुटायला लागलं. हात वर, कपाटाकडं. कपाटावर ती बाहुली उभी होती, डोळे विझलेले.

"अन्ना. अन्ना."

"मीच की रे अण्णा. इकडं बघ स्वल्प, जरासं."

पोरानं त्याच्या हनुवटीला हातानं ढकललं. नयना गिरीराजकडं बघायला लागली, गिरीराज जमिनीकडं. शेवटी मीच विचारलं, काय भानगड आहे.

"आत्या, त्या रोबोचं नाव अ‍ॅना आहे," गिरीराज म्हणाला. "चालू झाला की स्वतःच सांगतो. त्याच दिवशी सांगणार होतो. पण अण्णांनी मिठाई वाटलेली कळली, मग धीर झाला नाही."

माझ्या तोंडात पुष्कळ काही आलं होतं. अण्णाकडं बघितलं आणि गिळून टाकलं. एका शिट्टीत अख्खं मैदान गप्प करणारा माणूस फरशीवर बसून शर्टाच्या सुरकुत्या सारख्या करत होता.

मग त्यानं विचारलं, "ती परत बोलायला काय लागतं?"

"राहू दे, अण्णा. नोकरी लागली की बघू."

"मी विचारलं, काय लागतं."

स्वतःचा फोन त्यानं नयनाच्या हातात दिला. तिनं वर्षाचा प्लॅन भरला, गिरीराजनं बाहुली खाली उतरवली. बाहुलीचे डोळे पेटले. "हाय, आय अ‍ॅम अ‍ॅना!" पोराचा हुंदका मध्येच थांबला. त्यानं तिला कवटाळलं, गाल लावला आणि अगदी स्वच्छ म्हणालं, "अन्ना." अण्णा ते ऐकत बसला.

निघताना, एक चप्पल पायात घालून झाल्यावर, तो नयनाला म्हणाला, "त्याला मला आजोबा म्हणायला शिकव."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "असं नका ना म्हणू, अण्णा. मोठा झाला की कळेल त्याला."

"नको. ते नाव त्यानं एकीला दिलंय. एका घरात दोन झाले तर पोराचा गोंधळ होईल."

नयना पोराला बाहुलीसकट उचलून दारापर्यंत घेऊन आली. "बघ, आजोबा. म्हण, आजोबा." श्रीवत्स बाहुलीचे डोळे बघत होता. अण्णा थोडा वेळ त्याच्यापुढं वाकून थांबला. मग "सरी, निघतो, बस चुकेल," म्हणाला आणि लिफ्टचं बटण दाबलं.