रेल्याच्या मागच्या रांगेत

"तू मागे जा," मॅडम म्हणाल्या. "समोर जरा नाजूक मुली हव्यात. पाहुणे येणार आहेत."

चंद्रपूरच्या कॉलेजात गॅदरिंगची तयारी चालू होती. नाच कोणता, तर रेला. आमच्या गोंडांचा. त्या नाचात गोंडाची पोरगी मी एकटीच. पावलं मीच शिकवली. गाणं मीच सांगतलं. अन् मलेच मागं ढकललं.

एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ती तर खरी आदिवासी आहे ना?"

"ते दिसतंयच. केवढी काळी आणि आडवी. स्टेजवर चांगलं दिसायला नको?"

सगळ्या हसल्या. मीबी हसली.

त्या दिवसापासून होस्टेलच्या मेसमधी ताट समोर आलं का मॅडमचा आवाज कानात यायचा. भात तसाच ठेवायची. मंग पोळीबी. भूक नाई म्हणायची. भूक होती. पोटात जाळ होता. आरशासमोर उभी राहून आपलाच दंड चिमटून पाहायची. वर्गात अंधारी यायची. केस गळून राह्यले होते. मायचा फोन वाजत राहायचा, उचलावं वाटत नव्हतं.

पोरी म्हणत, "बारीक झाली, छान दिसतेस." मॅडमनं मले एक रांग समोर घेतलं. तिथंच मी अजून अडकली. आता खाल्लं का वापस मागं.

दिवाळीत धानोऱ्याकडं गावी गेली. चौकात बाया रेला नाचून राह्यल्या होत्या. जाड्या, बारक्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, एकमेकीच्या कमरेले धरून. गोल फेरा. त्यात मागची रांगच नाई. मी शिरली अन् चक्कर येऊन पडली.

मायनं माझं मनगट हातात धरलं. "कोणं सांगतलं तुले, खाऊ नको म्हणून?"

मी सगळं सांगतलं.  माय चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली. तिचे खांदे हलून राह्यले होते. तवा मले कळलं. कॉलेजातल्या लोकाईले आमचा नाच पायजे. आमी नाई पायजे.

कॉलेजात आली तवा मॅडमनं मले पहिल्या रांगेत उभं केलं. "बघ, आता कशी दिसतेस."

"मी नाचत नाई, मॅडम."

"का? आता तर पुढे घेतलंय."

"काळी अन् आडवी म्हणलं होतं तुमी, सगळ्याईसमोर. म्हणून सगळ्याईसमोर सांगते. मी नाई तर माझं गाणंबी नाई."

 मॅडम मार्कांचं काहीतरी बोलल्या. मी निघून आली.

नाच झालाच. दुसरं गाणं लावून. टाळ्याबी पडल्या.

मी बरी झाली नाई अजून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणतात, वेळ लागंल. घास घशात अडते. काई दिवस अंथरुणातून उठावंच वाटत नाई. तरी मेसमधी सगळ्याईच्या मधात बसते अन् जेवते. प्राचार्यांकडं तक्रार दिली, मॅडमचे शब्द जसेच्या तसे लिहून. आता रोज बोलावणं येते. वापस घे म्हणतात, तुझंच नुकसान होईल म्हणतात.

होऊ द्या. मी वापस घेत नाई.