बंद खिडकीतला कंदील

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर लावायला हे लिहितेय. दुपारपासून मला एका जागी बसवत नाही.

आज सकाळच्या शाळेत मी मुलांना शिकवलं, की रॉकेल जमिनीतल्या कच्च्या तेलातून निघतं, ते कार्बन आणि हायड्रोजनचं असतं. जळताना हवा कमी पडली तर काजळी धरते आणि डोळ्यांना न दिसणारा विषारी वायूही निघतो.

शाळा सुटल्यावर शेजारच्या नरसम्माकडे डोकावले. ती मागावर लुगडं विणत होती. दार-खिडकी बंद, म्हणून भरदुपारी रॉकेलचा कंदील पेटलेला. शेजारी झोळीत तान्ही नात.

"सकाळधरनं डोकं लई जड झालंय की," नरसम्मा म्हणाली.

मी नातीचं नाक पुसलं, तर पदर काळा झाला.

उठून खिडकी सताड उघडली. कोरडं गरम वारं आत शिरलं आणि थोड्या वेळात मागावरचे धागे तुटायला लागले.

नरसम्मा रागावली नाही. तिनं खिडकी लावली. "वारं लागलं की सूत वाळतंय, बाई. तुटलेलं सांधत बसलं तर लुगडं कवा व्हायचं?"

नातीला मी घरी घेऊन आले. ती झोपलीय. नरसम्मा मात्र त्याच हवेत विणतेय. तिच्या मागावरच्या धोट्याचा आवाज थांबला की मी तिच्या दारात जाऊन उभी राहते, सुरू झाला की पुन्हा लिहायला बसते.

तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरांत माग आहेत. सूत वाळणार नाही आणि माणूसही गुदमरणार नाही, अशी खिडकी कुणाच्या घरात आहे का?