न विचारलेल्या प्रश्नाची चार उत्तरं

मंडळी, या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलोय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनात काट मारत आलोय. सावली दिसली — दिव्याचा कोन बघा. पावलं वाजली — वरच्या मजल्यावर कोण राहतं ते विचारा. माझा धंदाच तसला. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी वजनकाटे तपासतो. काटा चुकला की कारण असतंच... स्प्रिंग थकलेली असते, धूळ असते, नाहीतर जमीन सपाट नसते. कारण सापडेपर्यंत मी काटा परत देत नाही. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला. कारण सापडेल, मग लिहू, असं ठरवलं होतं. सापडलं नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. माझी बायको अलका हिची किडनी गेली, त्यानंतर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. घरापासून रिक्षाने जवळ, एका साड्यांच्या दुकानाच्या वर लहानसं खाजगी सेंटर आहे. नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. दुपारच्या पाळीला खिडकीच्या बाजूने ओळीत चार खाटा — पहिली अलकाची, मग शारदाबेन, मग निवृत्त शिक्षिका देशपांडे बाई आणि शेवटी भिंतीकडे भोईर काका. काका दिवा गावाकडचे जुने शेतकरी, त्यांच्या भातशेतीवर आता बिल्डिंगी उभ्या आहेत.

डायलिसिसचं एक गणित असतं, ते समजलं तर पुढचं समजेल. पेशंटला लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे दोन खेपांमध्ये प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. म्हणून आधी वजन करतात. पाणी नसताना जे वजन असायला हवं ते ठरलेलं असतं. आजच्या वजनातून ते वजा केलं की जेवढं उरतं तेवढं पाणी मशीनने काढायचं. तो आकडा टेक्निशियन मशीनवर लावतो. कमी लागला तर पेशंटला धाप लागते. जास्त लागला तर बीपी कोसळतं, पायात गोळे येतात आणि माणूस हातचा जाऊही शकतो. अलकाचं हृदय आधीच अशक्त, तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "यांच्या बाबतीत जास्त ओढलेलं चालणार नाही."

पूर्वी तिथे पुष्पा सिस्टर होत्या. त्यांची एक पद्धत होती. सुया टोचून झाल्या की त्या एकेका खाटेपाशी उभ्या राहून मोठ्याने विचारायच्या — "नाव सांगा. वजन सांगा. किती काढायचं सांगा." पेशंटने तिन्ही उत्तरं दिल्याशिवाय मशीन सुरू नाही. देशपांडे बाई म्हणायच्या, "मी जन्मभर पोरांची तोंडी परीक्षा घेतली, आता माझी चाललीय." सिस्टर त्यांच्या आईला सांभाळायला संगमेश्वरकडे गावी गेल्या आणि ती पद्धतही गेली.

त्यांच्या जागी निखिल आला. तेविशीचा, कामात हात चांगला. सुई अशी टोचायचा की अलका म्हणायची, कळतसुद्धा नाही. पण एका कानात कायम इअरबड आणि हातात फोन. वजन तो विचारायचा नाही. काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढायचा. तो फोटो सेंटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि मग मशीनपाशी जाऊन फोनमध्ये तोच फोटो उघडून आकडा लावायचा. मध्ये दहा मेसेज येणार, एखादी रील सुरू होणार, ती वर सरकवणार... मग पुन्हा फोटो शोधणार.

मी एकदा हटकलं होतं. "अरे निखिल, माणसाला विचार ना. तोंड आहे त्यांना."

"काका, फोटो म्हणजे प्रूफ," तो म्हणाला. "माणूस चुकतो, फोटो नाही चुकत."

घरी मुग्धाला, माझ्या मुलीला हे सांगितलं तर तिने त्याचीच बाजू घेतली. ती घरून काम करते. एक नोकरी सोडून दुसरी धरलेली, आणि दुसरीबद्दलही फार प्रेम नाही. "बाबा, तुम्ही लोक कामाला देव मानता. आम्ही कामाला काम मानतो. तो ड्युटी करतोय, आरती नाही."

"फोन बघत केलेलं काम म्हणजे काम नव्हे."

"मग तुम्ही जेवताना टीव्ही बघता ते काय जेवण नव्हे?"

तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. असो.

त्या दिवशी काट्यावर अलका उभी राहिली तेव्हा मी शेजारीच होतो. चौपन्न सहाशे. तिचं ठरलेलं वजन त्रेपन्न. म्हणजे एक लिटर सहाशे. ही वजाबाकी माझ्या डोक्यात आपोआप होते. निखिलने फोटो काढला. नंतर शारदाबेन उभ्या राहिल्या, त्यांचाही काढला. पेशंट आत गेले आणि मी नेहमीसारखा काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलो. नातेवाईकांना आत परवानगी नाही. त्या दिवशी आतला एसी बिघडला होता म्हणून दार उघडं ठेवून त्याला स्टूल लावलेलं. त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. मशीनची घरघर, भोईर काकांचं कण्हणं, खालच्या दुकानातून येणारं "ताई, नवीन स्टॉक आलाय, बघून तर जा."

चौघांची मशीनं सुरू होऊन बराच वेळ झाला होता. मी डबा उघडून पोळी खात होतो. अलका सारखी जांभया देत होती. मला वाटलं, झोप येतेय. निखिल कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मान फोनमध्ये. दुसरं कोणी आत नव्हतं.

आणि अलका बोलली. डोळे मिटलेले, पण आवाज अगदी स्पष्ट — "अलका. चौपन्न सहाशे. एक लिटर सहाशे."

मला वाटलं, झोपेत बरळतेय. मी डबा खाली ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून आवाज आला — "शारदाबेन. छप्पन चारशे. दोन चारशे."

मग थोडं थांबून देशपांडे बाई. नाव, वजन, किती काढायचं. त्यांनी तर वर्गात उत्तर द्यावं तसं मान सरळ करून सांगितलं.

मंडळी, त्या मधल्या थांबण्याबद्दल नीट सांगतो. एक उत्तर संपल्यावर दुसरं लगेच येत नव्हतं. मध्ये तेवढाच वेळ जात होता, जेवढा एका खाटेपासून दुसरीपाशी जाऊन तीन वाक्यं विचारायला लागतो. प्रश्न ऐकू येत नव्हता. उत्तरं येत होती. खाटेच्या क्रमाने.

शेवटी भोईर काका. "धर्मा भोईर. एकाहत्तर. अडीच."

इथे मी बाकावरून उठलो. कारण बाकी तिघी पुष्पा सिस्टरांच्या वेळच्या. काका त्या गेल्यानंतर आले. त्यांना ही पद्धत माहीतच नव्हती, आणि आपला आकडा तर त्यांना कधीच माहीत नसायचा. निखिल सांगायला गेला की म्हणायचे, "मना लिटर-बिटर काय समजत नाय. तुमी काय लावाचा ते लावा, मना घरा सोडा."

निखिलने इअरबड काढला. "काय झालं? कोण बोलतंय?"

मी चपला बाहेर काढून आत गेलो.

"काका, आत अलाउड नाही..."

"निखिल, अलकाचं किती लावलंयस?"

"बरोबर लावलंय. तुम्ही बाहेर थांबा ना प्लीज."

"आकडा सांग. किती?"

त्याने मशीनकडे पाहिलं. "तीन चारशे."

"तिचं एक सहाशे आहे."

"नाही काका, फोटो आहे माझ्याकडे, हा बघा..." त्याने फोन पुढे केला. फोटोत छप्पन चारशे होते. मग त्याचा अंगठा एकदा मागे सरकला. चौपन्न सहाशे. तो फोटो आधीचा होता. मधल्या कुठल्यातरी मेसेजनंतर त्याने शारदाबेनचा फोटो उघडला होता आणि त्यातून अलकाचं ठरलेलं वजन वजा केलं होतं. फोटो खरंच चुकला नव्हता.

पोराचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबले नाहीत. पाणी काढणं बंद केलं, बीपी घेतलं — घसरायला लागलेलं होतं — पायाकडची बाजू वर केली, सलाईन सोडलं, डॉक्टरांना फोन लावला. त्या जांभया झोपेच्या नव्हत्या. बीपी पडायला लागलं की अशाच येतात, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्या हृदयाने साथ दिली नसती, असंही म्हणाले. थोड्या वेळाने अलकाने डोळे उघडले आणि म्हणाली, "तुम्ही आत कसे? डबा खाल्लात का?"

आता कारणं. मी सगळी तपासली. निखिलच्या फोनवर काही प्रश्न-बिश्न ऐकू आला असेल? मी तो व्हिडिओ त्याला पुन्हा लावायला सांगितला. कोणीतरी मुलगा बाईकवरून डोंगरात चाललेला, आणि आवाज तर एकट्याच्या कानात होता. जुनी सवय जागी झाली असेल? तिघींचं एकवेळ धरतो. काकांचं काय? मी मुद्दाम शेवटच्या खाटेपाशी जाऊन विचारलं.

"काका, तुम्हाला तुमचा आकडा कोणी सांगितला?"

"कोनी नाय."

"मग बोललात कसे?"

"कोनीतरी इचारला, म्हनून बोललू. नाय बोलाचा होता का?"

काकांच्या मशीनवर खरंच अडीचच लावलेलं होतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, पुष्पा सिस्टर गेल्या असणार. मलाही क्षणभर भीती वाटली. फोन लावला. ठणठणीत होत्या. सगळं ऐकून हसल्या. "अहो काका, मी तेव्हा बँकेच्या लाईनीत उभी होते, आईच्या पेन्शनसाठी. वैतागलेले. तुमची कुणाची आठवणसुद्धा नव्हती." मग हसणं थांबवून म्हणाल्या, "पण विचारायचं बंद का केलं हो?"

तो प्रश्न घेऊन मी सेंटरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, पोराला आजच काढून टाकतो. मी म्हटलं, नको. दुसरा येईल, त्याच्याही हातात तुमच्याच ग्रुपसाठी फोन असेल. निखिल बाजूलाच उभा होता. तेव्हा पहिल्यांदा तो माझ्याशी सरळ बोलला.

"काका, चूक माझीच आहे. पण फोटो ग्रुपवर टाकला नाही तर रिसेप्शनवरच्या मॅडम शिव्या घालतात, आणि टाकायला फोन घेतला की तुम्ही. माझ्या बाबांनी कोलशेतला कंपनीत जीव लावला. कंपनी बंद झाली, कोणी विचारलं नाही. मी ठरवलेलं, ड्युटी करायची, जीव लावायचा नाही. बस."

"जीव लावू नकोस," मी म्हटलं. "नुसतं विचार. तीन प्रश्न. आणि ते विचारून मशीन सुरू होईपर्यंत फोन बाहेरच्या टेबलावर."

डॉक्टर म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही. तोपर्यंत दर खेपेला मी दारात उभा राहीन आणि बाहेरून ओरडून विचारीन. तसा उभाही राहिलो. पहिल्या दिवशी रिसेप्शनवरच्या मॅडमनी वॉचमनला बोलावलं. दुसऱ्या खेपेला शारदाबेनचा मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, मग देशपांडे बाईंची सून. मुग्धा ऑफिसची मीटिंग सोडून आली आणि मॅडमना म्हणाली, "मी तर फोनवाल्या पिढीतली आहे. मीच सांगते, ठेवा तो बाजूला." महिनाअखेरच्या आधी फोटोचा नियम गेला. आता निखिल एकेका खाटेपाशी उभा राहून विचारतो. पहिले काही दिवस लाजत, तोंडातल्या तोंडात. भोईर काका त्याला म्हणाले, "मोट्यान बोल रं, पोरगी पटवतंस का?" तेव्हापासून मोठ्याने विचारतो. त्यानंतर एकदा देशपांडे बाईंचं उत्तर आणि काट्यावरचा आकडा जुळला नाही, तर त्याने त्यांना परत काट्यावर उभं केलं. चूक सापडली — खांद्यावरची पर्स!

तेवढं झालं. पण मूळ गोष्टीचं कारण राहिलंच. अलकाला मी बरेच दिवस काही विचारलं नव्हतं, तिला त्रास नको म्हणून. एकदा सकाळी ती भाजी निवडत होती तेव्हा विचारलं, "त्या दिवशी तुला प्रश्न ऐकू आला होता?"

"आला ना."

"पुष्पा सिस्टरांचा आवाज?"

"छे. तुमचा."

"अगं, मी दाराबाहेर होतो. तोंडात पोळीचा घास होता."

"असेल. पण विचारलंत तुम्हीच. जरा चिडूनच विचारलंत, म्हणून तर मी पटकन सांगितलं." आणि मेथीची एक काडी बाजूला टाकत म्हणाली, "मग पुढे शारदाबेनकडे गेलात."

मी तिला नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. ती हसली आणि निवडत राहिली. चौघांची उत्तरं होईपर्यंत मी त्या बाकावरून उठलो नव्हतो, हे मला पक्कं माहीत आहे. एक शब्द बोललो नव्हतो, हेही. आणि ती खोटं बोलत नाही, हेही तितकंच. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला आजपर्यंत सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुटलं तर जरूर सांगा. मी अजून शोधतोय. अलकाला मात्र त्यात शोधण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही.