रोटरला बांधलेलं शिसं

बेरिंग शाफ्टवर चढवायचं तर आधी गरम तेलात ठेवायचं, कडं जरा फुगलं की अलगद सरकवायचं. हे मला येत नव्हतं असं मुळीच नाही. मुंबईच्या कारखान्यात मी दोन वर्षं तेच केलं होतं, आणि नंदुरबारच्या सरकी काढायच्या जिनात मिस्त्री म्हणून लागल्यापासून भेटेल त्याला तेच ऐकवत होतो. पण जिनाच्या मोटारीचं बेरिंग गेलेलं, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबलेल्या, शेठ दारात उभे, आणि मी बोलून बसलो, "दहा मिनिटांत चालू करतो!" तेल तापायलाच अर्धा तास. मग घेतली हातोडी, बाहेरच्या कड्यावर ठोकून बेरिंग बसवलं. नऊ मिनिटं लागली. स्वतःवर काय खूश होतो मी!

चौथ्या दिवशी मोटार करकरू लागली.

यंत्रांना तेल-ग्रीस घालायला धानोऱ्याचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी लाकडी दांडक्याचं एक टोक मोटारीला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"मिस्तरी, बेरिंग दात खाई ऱ्हायनं."

"छे आबा, रोटरचा तोल गेलाय," मी म्हणालो.

तोल गेला असता तर सबंध मोटार थरथरली असती. ही एकाच टोकाला करकरत होती. कान मलाही होते.

मग नाटक वठवणं आलं. रोटर, म्हणजे मोटारीच्या आत फिरणारा भाग, बाहेर काढला. बेरिंग कुणी धुऊन पाहू नये म्हणून त्याच्याभोवती फडकं गुंडाळलं. रोटर दोन समतल रुळांवर ठेवून खडूची खूण केली आणि फिरवून सोडला. एक बाजू जड असेल तर दर खेपेला तीच खाली येऊन थांबते. माझी खूण एकदा वर थांबली, एकदा खाली, एकदा भिंतीकडे.

"जड बाजू त खाले येवाले पाहिजे ना?" आबांनी विचारलं. "ही खूण त दर येले नवी जागावर थांबस."

"ते फार बारीक असतं, आबा," असं म्हणून मी रोटरला शिशाचा तुकडा बांधला.

"मिस्तरी, नवरदेवले बाशिंग बांधं का?" कापूस ओतणारी एक बाई म्हणाली. सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसलो.

मोटार चालू केली. आता करकर होतीच, वर माझ्या शिशामुळे ती खरोखर थरथरू लागली. दुपारीच बेरिंग जाम झालं. शेठनी ते समोर धुवायला लावलं. गोळ्या फिरतात त्या वाटेत माझ्या हातोडीनं पाडलेले खड्डेच खड्डे. लढाईचे दिवस, बेरिंग कुठं मिळत नसे; हा सुरतेहून ओळखीपाळखीनं मिळवलेला माल.

"ग्रीस कोण घालतं?" शेठनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. ज्याची बोलायची पाळी आहे त्याच्याकडे आपण बघतो, तसं.

"कमी पडलं असेल," मी म्हणालो.

'पडलं' नाही, 'पडलं असेल'. तेवढ्या आडोशाला मी लपलो, आणि आबांना त्याच पावली घरी पाठवलं गेलं.

पंधरवड्यानं धानोऱ्याला गेलो. 'नवखा होतो, समजलं नाही, माफ करा,' असं वाक्य वाटभर घोकलं होतं. आबा अंगणात दोर वळत होते. त्यांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "नवं बेरिंग कसं बसाडं?"

"तेलात तापवून," मी सांगून टाकलं. वर जरा ऐटीतच.

"म्हंजे तुले माहीत व्हतं," आबा म्हणाले आणि पुन्हा दोर वळू लागले.

घोकलेलं वाक्य न म्हणताच मी उठलो. दुसऱ्या दिवशी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी मला जिनाच्या अंगणात, सगळ्या बायकांदेखत, नको नको ते ऐकवलं आणि आबांना आणायला बैलगाडी धाडली.

गाडी रिकामीच परत आली.